टर्बो नव्हता याचा फॉर्म

गाडीच्या मागच्या झाकणावर चकचकीत अक्षरांत ‘टर्बो’ लिहिलंय, हे कवळीकाकांना पहिल्यांदा दिसलं ते वाहन तपासणी केंद्रात, आणि तेही तपासनिसाने बोट दाखवल्यावर.

आता, जो माणूस अकरा वर्षं रोज सकाळी गाडीला फडकं मारतो त्याला तिच्या पाठीवरची पाटी दिसू नये, हे ऐकायला जरा कसंतरीच वाटतं. पण काका पुसायला सुरुवात करायचे पुढून. एकेक दिवा, एकेक जाळी, दात घासल्यासारखी. पाठीपर्यंत पोचायच्या आत काकूंची हाक यायची आणि पाठ उद्यावर जायची. असे उद्या साठत गेले.

“यात टर्बो बसवलाय,” तपासनीस म्हणाला. विचारलं नाही त्याने, सांगितलंच.

“नाही बसवलेला.”

“लिहिलंय.”

“मी नाही लिहिलं.”

“गाडी कुणाची?”

“माझी.”

“मग कुणी लिहिलं, गाडीने?”

काकांनी पुढचं झाकण उघडलं आणि बाजूला सरकले. बघा म्हणाले. तपासनीस जागचा हलला नाही. “मला झाकणाच्या आतलं बघायचा अधिकार नाही,” तो म्हणाला. “मी बाहेरचा तपासनीस. आतले वेगळे होते. ते मागच्या वर्षी रिटायर झाले. जागा भरली नाही अजून.”

आणि बाहेरच्या तपासनिसाने आतल्या गोष्टीबद्दल कागदावर लिहिलं: विनापरवाना टर्बो बसवला. आठ दिवसांत काढून खिडकी क्रमांक चारवर जमा करणे. अन्यथा नोंदणी रद्द व वाहन दाबणीस पाठवणे.

दाबणी म्हणजे केंद्राच्या मागच्या आवारातलं एक यंत्र. एका बाजूने गाडी घालतात आणि दुसऱ्या बाजूने ट्रंकेएवढा चौकोन बाहेर येतो. काकांनी त्याच दिवशी जाळीतून बघितलं. एक लाल गाडी होती. पाच मिनिटांत आटोपली, आणि त्यातली तीन यंत्राची चावी शोधण्यात गेली.

कवळीकाका कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवतात, काका खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून मेणाचे, प्लॅस्टरचे उद्योग करतात आणि अख्खी बत्तिशी परत पाठवतात. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. गाडी अशाच एका डॉक्टरकडून आली. कशी आली ते लांबण आहे. डॉक्टरचा घटस्फोट होत होता आणि गाडी बायकोला मिळू नये अशी त्याची फार तळमळ होती, एवढं पुरे.

आणि ही गाडी म्हणजे काही बाजारात जायची गाडी नव्हे. दोन दारांची, बसकी, आत चामड्याच्या सीटा, आणि नाकाखाली एका ओळीत सहा सिलिंडर. सहाही जणांना हवा ओढायला आपापला वेगळा घसा, म्हणजे थ्रॉटल. टर्बो नसलेल्या अशा इंजिनाला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात. काका म्हणायचे, स्वतःच्या दमाचं इंजिन. टर्बोमध्ये काय होतं, तर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा गरगर फिरतो आणि तो हवा दाबून दाबून इंजिनाच्या तोंडात कोंबतो. ताकद येते, खोटं कशाला बोला, भरपूर येते. पण पंख्याला वेग घ्यायला जरा वेळ लागतो. पाय आत्ता दाबला तर जोर मागाहून येतो. काकांच्या गाडीला कुणी कोंबत नव्हतं. जेवढा पाय दाबाल तेवढी हवा ती आपली आपण ओढायची, दाबाल तेव्हाच. मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत तिचा आवाज असा चढत जायचा, की शेजारच्या सिग्नलवरचे लोक काच खाली करायचे.

“टर्बो ही इंजिनाची कवळी आहे,” काका सांगायचे. “काम होतं. चावता येतं. पण प्रत्येक घासाआधी ती जरा जागेवर बसवून घ्यावी लागते.”

हे बोलणारा माणूस कवळ्यांवर घर चालवतो, यातली गंमत सगळ्या बिल्डिंगला कळायची. काकांना कधी कळली नाही.

पाटी कुणी लावली हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. घरी मेहुणा बसला होता. काकूंचा धाकटा भाऊ. तो एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि कंपनीने त्याला नवी कोरी महागडी गाडी दिलीय. दोन लिटर, चार सिलिंडर आणि टर्बो. दर रविवारी तो आणि काका जेवणाच्या टेबलावर या विषयावरून भांडायचे. मेहुणा म्हणायचा, “भावोजी, माझे चार तुमच्या सहांना पहिल्या सिग्नलपासून मागे टाकतील.” काका म्हणायचे, “टाकतील, जागे झाल्यावर.” मग काकू भांडी जोरात ठेवायच्या आणि विषय पुढच्या रविवारवर जायचा.

“लावली ना मीच,” मेहुणा म्हणाला. चक्क खुशीत. “तुमच्या वाढदिवसाला. म्हटलं गंमत. पंधरा दिवस वाट बघतोय, भावोजी कधी बोलतायत. मला वाटलं रागावलात.”

“कशाने चिकटवलीस?”

“तुमच्याच बाकावर एक डबी होती.”

ती डबी दातांच्या सिमेंटची होती. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: एक थेंब पुरे. मेहुण्याने सगळी संपवली होती. काकांनी गरम पाणी वापरून बघितलं, मेण कापायची सुरी वापरली, दोरा घासला. शेवटी एक अक्षर निघालं, त्याबरोबर तळहाताएवढा रंगही निघाला, आणि पाटी आता अर्धवट दिसायला लागली. म्हणजे कुणीतरी पुरावा नष्ट करायला गेलं आणि पकडलं गेलं, अशी.

दुसऱ्या दिवशी काका खिडकी क्रमांक तीनवर. खिडकीत एक बाई. समोर फॉर्मचे गठ्ठे, प्रत्येकावर एकेक दगड.

“माझ्या गाडीत टर्बो कधीच नव्हता. तसं लिहून द्यायचंय.”

बाईंनी एकेक दगड उचलून बघितला. “‘काढला’चा फॉर्म आहे. ‘बदलला’चा आहे. ‘चोरीला गेला’चा पण आहे. ‘नव्हता’चा नाही.”

“का नाही?”

“ज्यांच्याकडे नव्हता ते लोक येतच नाहीत इथे.”

“मी आलोय ना.”

“तुम्ही पहिलेच.”

“मग साध्या कागदावर देतो.”

“साधा कागद चालतो,” बाई म्हणाल्या, आणि काकांचा चेहरा उजळायच्या आत पुढे म्हणाल्या, “फॉर्मला जोडून.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बिल्डिंगभर झाली. कशी झाली विचारू नका. काका जिन्यापर्यंत पोचेपर्यंत तीन मजल्यांचे तीन सल्ले तयार होते. सेक्रेटरी तर गाडीच्या बॉनेटला टेकूनच उभे होते. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि जगात त्यांना न सुटणारा प्रश्न नाही.

“सोपं आहे हो. भंगारात जा, एक मेलेला टर्बो उचला, खिडकीवर नेऊन आपटा. त्यांना टर्बो हवाय, टर्बो मिळाला. मी तीस वर्षं खात्यात काढलीत. साहेब लोकांना पटवायचं नसतं, पावती फाडायची असते.”

“पण माझ्या गाडीत तो नव्हताच.”

“अहो, म्हणूनच भंगारातला म्हणतोय. तुमच्यातला काढा म्हटलं असतं का मी?”

“जो नव्हता तो मी विकत आणून, माझ्यातून काढला म्हणून जमा करू?”

“आता आलं लक्षात.”

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्या गॅलरीतून वाकून ऐकत होत्या. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढायचीही त्यांना गरज वाटली नाही. “काका, जन्मभर लोकांच्या तोंडात खोटे दात बसवलेत. एक खोटा टर्बो एवढा जड जातोय होय?”

खाली जमलेले सगळे हसले. सेक्रेटरी तर बॉनेटवर थाप मारून हसले.

काका लाल झाले. कानांपासून सुरू झालं आणि टकलावर जाऊन थांबलं. त्यांचा आवाज मुळात बारीक आहे, पण त्या दिवशी वरच्या गॅलरीपर्यंत गेला.

“मी कवळीला कवळी म्हणतो, बाई. डबीवर लिहून देतो, कवळी. आजवर एकाला तरी सांगितलंय का, की हे घ्या तुमचे स्वतःचे दात? एकाला?”

सेक्रेटरी बॉनेटवरून उठले. काकांनी ते टेकले होते तिथे फडकं मारलं आणि घरात गेले. आत गेल्यावर काकूंनी विचारलं, “अहो, पण मग करणार काय? सहा दिवस राहिलेत.” काका म्हणाले, “काय करणार ते माहीत नाही. काय करणार नाही ते ठरलंय.”

इथवर ठीक होतं. माणूस आपल्या अब्रूने अडला होता, एवढंच. पण मेहुण्याला आता वाईट वाटायला लागलं होतं, आणि त्याला वाईट वाटलं की तो मदत करतो.

पाचव्या दिवशी दुपारी त्याचा फोन. “भावोजी, झालं काम. निवांत राहा.” काकांच्या हातात तेव्हा कुणाचातरी खालचा जबडा होता, तो पडता पडता वाचला. मेहुणा भंगारात गेला होता, दुधाच्या ट्रकचा एक गंजका टर्बो उचलला होता, आणि काकांच्या नावाने खिडकी क्रमांक चारवर जमा करून पावती घेऊन आला होता. पावतीचा फोटोही पाठवला, त्याखाली वर केलेला अंगठा.

सहाव्या दिवशी सकाळी केंद्रातला शिपाई घरी पत्र घेऊन आला. पत्रात होतं, की जमा केलेला टर्बो डिझेल ट्रकचा आहे. त्या अर्थी, वाहनात डिझेल ट्रकचं इंजिन विनापरवाना बसवल्याचं सिद्ध होतं. सबब आता टर्बोसोबत इंजिनाचाही खुलासा करावा.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं, असं काकू नंतर म्हणाल्या. ओरडले नाहीत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, अंगावरचा ॲप्रन काढला, त्याची नीट घडी केली आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावणं पाठवलं. हा मिस्त्री अकरा वर्षं त्यांच्या गाडीचं काम करतोय आणि गाडीशी माणसांपेक्षा बरा बोलतो.

“इंजिन उतरवायचंय,” काका म्हणाले.

“उतरवून?”

“खोलायचं. शेवटच्या नटापर्यंत.”

“आणि?”

“त्यांना टर्बो हवाय ना. म्हणतात आत आहे. मी सगळं आत नेऊन देतो. त्यांनी शोधून ठेवून घ्यावा, उरलेलं मला परत द्यावं.”

मिस्त्रीने डोकं खाजवलं. “काका, तुम्ही टर्बो होता, काढला म्हणून सही केली असती तर आज घरी बसला असता.”

“घरीच बसलोय. साखळी आण.”

दोन दिवस खालच्या दोन खोल्यांत दुसरं काही झालं नाही. इंजिन साखळीवरून उतरलं आणि बाकावर आलं. काकांची खोलायची पद्धत त्यांच्या धंद्यातली होती. कवळीच्या कामाला त्यांच्याकडे झाकणाचे छोटे छोटे ट्रे होते, शेकड्याने. प्रत्येक पेशंटचा ठसा एका ट्रेमध्ये, वर चिठ्ठी. तसंच आता प्रत्येक व्हॉल्व्ह एका ट्रेमध्ये, वर चिठ्ठी: वरचा, उजवीकडून तिसरा. पिस्टन: दाढ, एक ते सहा. मिस्त्री आधी हसला, मग संध्याकाळी तोही म्हणायला लागला, “काका, चौथी दाढ आली.” काकू वहीत उतरवून घेत होत्या, कारण त्यांचं अक्षर चांगलं. तीनशे अठरा ट्रे भरले. मेहुणा दारात येऊन उभा राहिला, मदत करू का म्हणाला. काकू म्हणाल्या, “तू तिथेच उभा राहा. तीच मदत.”

आठव्या दिवशी टेंपो केंद्रात शिरला.

खिडकी क्रमांक चारवर जो भांडारवाला बसतो त्याला वस्तू मोजून घ्यायची सवय आहे, एक एक. मिस्त्री ट्रे आणून खिडकीच्या फळीवर ठेवायला लागला. फळी भरली, मग बाक भरला, मग जमीन. काका कपड्यांना इस्त्री करून आले होते. हातात तपासनिसाचा कागद.

“हे काय?” भांडारवाला म्हणाला.

“इंजिन. यात टर्बो आहे असं तुमच्या खात्याचं म्हणणं आहे. काढून घ्या. तीनशे अठरा वस्तू आहेत. प्रत्येकाची पावती लागेल.”

भांडारवाल्याने पहिला ट्रे उघडला. दुसरा उघडला. अकरावा उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला. “हा कुठला भाग?”

काकांनी वाकून बघितलं. वरची पूर्ण कवळी. धांदलीत एक पेशंट इंजिनात आला होता. “हा माझ्या कामाचा,” ते म्हणाले आणि हात पुढे केला.

“नाही, आता आला ना नोंदीत,” भांडारवाला म्हणाला आणि लिहिलं: दात, चौदा.

मागे रांग वाढत होती. टॅक्सीवाले, टेंपोवाले, नवीन गाडी घेतलेले दोघं नवरा-बायको. पहिल्यांदा सगळे वैतागले. मग एका टॅक्सीवाल्याने वाकून एक ट्रे बघितला आणि म्हणाला, “सहा थ्रॉटल? वेगवेगळे?” त्याच्या आवाजात जे होतं, ते ऐकून काकांची छाती दोन इंच वर आली. मग रांगेत वाद सुरू झाला. एक म्हणाला टर्बोला पर्याय नाही, कमी तेलात जास्त जोर. टॅक्सीवाला म्हणाला, घाटात वळणावर पाय दाबला आणि जोर वळण संपल्यावर आला की कळेल. नवीन गाडीवाली बाई नवऱ्याला विचारत होती, आपल्यात कुठलं आहे, आणि नवरा माहितीपत्रक उलटंसुलटं करत होता. खिडकी क्रमांक चारचं काम बंद पडलं, मग तीनचं. बाई गठ्ठ्यांवरचे दगड सोडून बाहेर येऊन बघायला लागल्या.

एवढ्या गोंगाटाने आतले मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी कागद वाचला, काकांकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि तपासनिसाला बोलावलं.

“यातला टर्बो कुठला?”

तपासनिसाने बुटाच्या टोकाने इकडेतिकडे वाट काढली. त्याने आयुष्यात टर्बो बघितला नव्हता, हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसत होतं. शेवटी त्याने जरा गोलसर, जरा गुंतागुंतीचं दिसणारं एक उचललं. “हा, सर.”

“तो पाण्याचा पंप आहे,” मिस्त्री म्हणाला.

“मग हा.”

“तेलाचा पंप.”

रांग हसली. तपासनिसाने तिसरं काही उचललं नाही.

साहेबांचं मात्र मानलं पाहिजे. शहाणे होते. त्यांनी काकांना बाजूला घेतलं, शिपायाकडून खुर्ची मागवली. “बघा काका, मलाही दिसतंय. मिटवून टाकू. हा ‘काढला’चा फॉर्म. इथे सही करा. टर्बो होता, काढला. इंजिनाचं पण मी इथेच खोडतो. आत्ता शिक्का मारतो, गाडी तुमची, दाबणी नाही, काही नाही. दोन मिनिटं.”

पेन पुढे आलं. मिस्त्रीने खालच्या आवाजात म्हटलं, “काका, करा.” रांगेतूनही कुणीतरी म्हणालं, करा हो. सोबत आलेल्या काकू जाळीपलीकडे बघत होत्या, जिथे यंत्राची चावी बहुतेक सापडली होती, कारण त्याचा आवाज यायला लागला होता.

काकांनी पेन घेतलं. फॉर्म वाचला. पेन परत दिलं.

“‘काढला’ लिहिलं तर ‘होता’ असं होतं.”

“एक शब्द आहे हो.”

“माझ्या गाडीबद्दलचा आहे.”

“काका, गाडी जाईल. एका शब्दासाठी.”

“जाऊ दे. जाताना तिच्याबद्दल खरं लिहिलेलं असू दे.”

साहेबांनी फॉर्म मागे ओढला. नोंदणी रद्दचा शिक्का तिथल्या तिथे बसला. आणि वर भांडारवाल्याने कवळी काही परत दिली नाही, ती अर्ज करून चार दिवसांनी मिळाली. मिस्त्री ट्रे परत टेंपोत भरत होता आणि काका भिंतीला टेकून उभे होते. भिंतीवर केंद्राच्या सगळ्या फॉर्मचे नमुने काचेत लावलेत. कुणी वाचत नाही ते. काकांकडे त्या दिवशी वेळ होता आणि डोळे कुठेतरी ठेवायला हवे होते. त्यांनी वाचले. अठ्ठेचाळीस फॉर्म. एकतिसाव्यापाशी ते थांबले, चष्मा पुसला आणि परत वाचला.

घरी जाताना टेंपोत ते शीळ घालत होते. काकूंना काळजी वाटली. डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांनी भावाला कळवलं.

दोन दिवसांनी दाबणीचा ट्रक बिल्डिंगखाली आला. ड्रायव्हरने कागद काढला, गाडीभोवती फेरी मारली, नाकाचं झाकण उघडलं. आत पोकळी. “इंजिन कुठेय?”

“नाही.”

“इथे लिहिलंय, वाहन इंजिनासह. इंजिन नसलं तर ते वाहन धरत नाहीत, नुसतं पत्र्याचं सामान होतं. सामानाला आमचा ट्रक नाही.” आणि गेला तो. सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं, आता काय? काका म्हणाले, आता सामान आहे.

मग तीन आठवडे खालच्या खोल्यांतून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. काका आणि मिस्त्री इंजिन परत जोडत होते. गाडीत नाही, खोलीत. लोखंडी घोड्यावर. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसरीकडे बॅटरी, धुराडं खिडकीतून बाहेर. गाडीशिवाय इंजिनाला नोंदणी लागत नाही, हे काका पक्कं विचारून आले होते. एका शनिवारी सकाळी त्यांनी कळ दाबली. सहाही घशांनी एकदम श्वास घेतला. कपाटातल्या सगळ्या कवळ्या कटकट वाजल्या. बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं गॅलरीत आली.

त्याच दुपारी केंद्राकडे आवाजाची तक्रार गेली. सोमवारी तपासनीस आला. तोच, बाहेरचा. हातात एकतीस नंबरचा फॉर्म.

“तक्रार आलीय. इथे इंजिनाचा असह्य आवाज होतो म्हणून.” त्याने कागद वर-खाली बघितला. “तक्रारदार...” तो थांबला. “हे तर तुमचंच नाव आहे.”

“हो.”

“तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रार केलीत?”

“मला त्रास होतो,” काका म्हणाले. “नोंदवा ना, साहेब. नियमाप्रमाणे इंजिन सुरू करून, ऐकून, रकाने तुम्हीच भरायचे आहेत. झाकणाच्या आतलं बघायची गरज नाही. झाकणच नाहीये.”

तपासनिसाने रकाने बघितले. सिलिंडर किती. आवाज किती. आणि त्याखाली, टर्बोच्या शिटीचा आवाज वेगळा मोजायचा असतो म्हणून: टर्बो, आहे की नाही. तो रकाना वाचून त्याचे कान लाल झाले. दारात मेहुणा उभा होता, सेक्रेटरी होते, शिवणाच्या बाई टाचण्यांसकट आल्या होत्या.

“तुम्हीच सांगा, लिहितो,” तपासनीस म्हणाला.

“मी सांगून बघितलं तेव्हा तुम्ही पाठीवरचं वाचलंत. आता मी काही सांगणार नाही. ऐका.”

काकांनी पॅडलऐवजी बसवलेली तार ओढली. दोन हजार. चार. इंजिन हातासरशी वर जात होतं, मागे काही रेंगाळत नव्हतं, शिटी नाही, फुसफुस नाही. सहा हजार. टेबलावरचं प्लॅस्टर थरथरून सांडायला लागलं. आठ हजारांवर काकांनी हात तसाच ठेवला, तपासनिसाच्या डोळ्यांत बघत, आणि तो कानावर हात ठेवायचंही विसरला. मेहुण्याचे ओठ हलले. तो काय म्हणाला ते त्या आवाजात कुणालाच कळलं नाही, पण तोंड उघडं राहिलं.

मग तार सुटली. काकांनी इंजिन बंद केलं. तपासनिसाने फॉर्म भिंतीला टेकवून लिहिलं: सिलिंडर सहा. आवाज मर्यादेबाहेर, दंडास पात्र. टर्बो: नाही.

काकांनी दंड भरला आणि तीन प्रती मागितल्या, सही-शिक्क्यासह.

मंगळवारी खिडकी क्रमांक तीनसमोर काका, मागे मिस्त्री, त्याच्या मागे काकू. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकच मालक, एकच इंजिन नंबर, एकच तपासनीस, एकच सही. एकात टर्बो बसवलाय, दुसऱ्यात नाही.

“हे जुळत नाही,” बाई म्हणाल्या.

“नाहीच जुळत.”

“‘काढला’ असेल मध्ये.”

“काढल्याचा फॉर्म दाखवा. मी सही केली नाही. तुम्ही होतात तिथे.”

बाई होत्या तिथे. त्यांनी मान वर करून काकांकडे बघितलं, मग मागे आतल्या केबिनकडे. दार बंद होतं. “मग यातला खरा कुठला धरायचा मी?”

“इंजिन सुरू असताना लिहिलेला,” काका म्हणाले.

बाईंनी थोडा विचार केला. मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला, फूटपट्टी ठेवून त्यावर सरळ चार रेघा ओढल्या, वरच्या चौकटीत स्वच्छ अक्षरात लिहिलं ‘टर्बो कधीच नव्हता’, आणि कागद खिडकीतून पुढे सरकवला.

“इथे सही करा,” त्या म्हणाल्या आणि शिक्क्यावर शाई लावायला घेतली.